सिल्व्हर्टन आणि तिथल्या खाणी

आज ड्युरँगोहून वाफेच्या इंजिनाच्या गाडीने कोलोरॅडोतील सिल्व्हर्टनला आलो. ९,३१८ फूट उंचीवरचे हे गाव सॅन वान काउंटीचे मुख्यालय आहे. २०२०च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत ७०५ माणसे भरली. १८७३च्या करारान्वये इथल्या मूळ रहिवासी यूट लोकांना हा डोंगराळ मुलूख सोडावा लागला आणि १८८२ मध्ये रेल्वेचे तीन फूट अंतराचे अरुंद रूळ इथवर पोहोचले, ते मुख्यतः सोन्या-चांदीच्या खनिजासाठी.

मी सर्वाधिक रेंगाळलो तो डोंगरउतारावरच्या ख्रिस्ताच्या संगमरवरी पुतळ्यापाशी. खाणधंदा मंदावला असताना १९५९ मध्ये तो उभारला गेला. ४ जून १९७८ रोजी एमा सरोवराचा तळ खचून सारे पाणी सनीसाइड खाणीत कोसळले, पण रविवार असल्याने आत कोणीही नव्हते. श्रद्धाळू याचे श्रेय या पुतळ्याला देतात, मी मात्र साप्ताहिक सुटीला देईन. ती खाण १९९१ मध्ये बंद झाली. तरीही बंद पडलेल्या गोल्ड किंग खाणीतले दूषित पाणी ऑगस्ट २०१५ मध्ये अचानक बाहेर उसळले आणि ॲनिमास नदी नारिंगी झाली. गावाजवळच्या सिमेंट क्रीक या ओढ्यातला एक दगड उचलून पाहिला, तर त्यावर गंजासारखा तांबूस थर होता. अर्थात, त्यातला काही भाग इथल्या लोहयुक्त खडकांचाच आहे.