अकरा दिवसांचा उपास

आजींना आमच्या वॉर्डात आणलं तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी. वय चौऱ्याऐंशी. वसईच्या बागायती पट्ट्यातल्या. मुलाने आणलेल्या पिशवीत लाल लुगडं आणि मणी झिजलेली रोजरी, म्हणजे जपमाळ होती.

नाकातून पोटात अन्न देणारी राइल्स ट्यूब घातली आणि कॉटवर पाटी लावली : तोंडाने काही नाही. आठव्या दिवशी स्पीच थेरपिस्टने चमचाभर पाणी देऊन पाहिलं. असा ठसका लागला की रक्तातला ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर आला. पाटी तशीच राहिली.

दहाव्या दिवशी दुपारी पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या, एक बाई ख्रिस्तप्रसाद (मिस्सात, चर्चच्या उपासनेत, देतात ती पवित्र भाकर) घेऊन वॉर्डात आल्या. १९७३ मध्ये व्यापक परवानगी मिळाली तेव्हापासून हे काम फादरांबरोबर साधी प्रापंचिक माणसंही करतात. त्यांनी समोरच्या कॉटवरच्या पेशंटला प्रसाद दिला. आजी टक लावून बघत होत्या. मग त्यांचा डावा हात चादरीबाहेर आला आणि बोट ओठांवर टेकलं. एकदा, दोनदा, तीनदा. मला वाटलं तहान लागली असेल. ओल्या गॉझने ओठ पुसायला गेले तर त्यांनी तोंड फिरवलं. तोच डावा हात हळूहळू कपाळाला गेला, छातीला गेला, एका खांद्याला लागला आणि दुसऱ्या खांद्यापर्यंत पोचायच्या आत खाली पडला.

त्या क्रूस काढत होत्या. मला कळलं, आणि तरीही मी त्या बाईंना मान हलवून नाही म्हटलं.

नाही म्हणण्याला कारण होतं. होस्ट, म्हणजे प्रसादाची ती चकती, नुसत्या गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची असते, कागदासारखी पातळ, पण कोरड्या टाळूला चिकटून बसते. ज्याला गिळताच येत नाही त्याचा एखादा कण श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. मी नर्स आहे, मला दुसरं काही करता येत नव्हतं. पण मी कॅथलिकही आहे. त्या रात्री घरी जेवताना माझा घास उतरत नव्हता.

संध्याकाळी मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सिस्टर, आई रोजच्या मिस्साची. आजही मिस्सा होईपर्यंत चहा घेत नाही." हा आजींच्या पिढीचा नेम. त्यांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं, चाळीसच्या दशकातलं. तेव्हा तो घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ मध्ये पाण्याची मुभा मिळाली, १९५७ मध्ये तीन तासांचा उपास झाला, १९६४ मध्ये एका तासावर आला. आजींनी मात्र लहानपणीचाच नेम धरून ठेवला होता. आणि आता अकरावा दिवस उजाडत होता, तोंडाने पोटात काही गेलेलं नव्हतं.

मुलाने फादरांना फोन केला. ते म्हणाले, भाकर जमत नसेल तर द्राक्षारस आणतो. मला हे नवीन होतं. ख्रिस्तसभेच्या कायद्याचं ९२५ वं कलम गरजेच्या वेळी नुसत्या द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन द्यायला सांगतं. कारण आमची श्रद्धाच अशी आहे की प्रत्येक कणात आणि प्रत्येक थेंबात ख्रिस्त पूर्ण असतो, थोडा इथे आणि थोडा तिथे असा नसतो. (अहिल्यानगरकडची माझी एक मैत्रीण याला प्रभुभोजन म्हणते. तिच्या प्रोटेस्टंट मंडळीची समज वेगळी आहे. पण "हे माझ्या स्मरणार्थ करा" हे वाक्य आम्हा दोघींचं एकच.)

डॉक्टरांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, एक थेंब, पूर्ण बसवून, घशातलं ओढून घेणारं सक्शन हाताशी ठेवून.

सकाळची मिस्सा आटोपून फादर थेट आले. झाकणाची छोटी चांदीची कुपी, पांढरा रुमाल, चमचा. मी आजींना उशा लावून ताठ बसवलं, तोंड स्वच्छ केलं, सक्शनची नळी हातात घेतली. फादर हळू आवाजात म्हणत होते, प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही. हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलंय. ते एका चाकराच्या दुखण्यासाठी येशूकडे आलेल्या शताधिपतीचं, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याचं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या गोष्टीत तो चाकरही पॅरालिसिसनेच पडलेला असतो.

मुलगा घाबरून म्हणाला, "फादर, ती आमेन कशी म्हणणार?"

"तुझ्या आईच्या लहानपणी कुणीच म्हणत नसे," फादर म्हणाले. "१९६४ पर्यंत धर्मगुरूच लॅटिनमध्ये पूर्ण वाक्य म्हणायचा आणि शेवटचं आमेनही तोच म्हणायचा. लोक फक्त तोंड उघडायचे."

आजींनी तोंड उघडलं. डावीकडून जास्त, उजवीकडून कमी. चमच्याच्या टोकावरचा थेंब जिभेवर पडला. "ख्रिस्ताचं रक्त," फादर म्हणाले, आणि लगेच स्वतःच, "आमेन." मी आजींच्या गळ्याकडे बघत होते. घाटी वर गेली, खाली आली. ठसका नाही. मॉनिटरवर शहाण्णव. अकरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी काही गिळलं होतं.

कुपीत अजून थोडं होतं. ते तसंच ठेवता येत नाही, तिथेच संपवायचं असतं. फादरांनी मुलाला दिलं आणि मग कुपी माझ्यापुढे धरली.

"फादर, मी आत्ताच चहा घेतलाय. वीस मिनिटंही झाली नसतील."

"आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना तासाची अट नाही. कायद्यातच आहे."

सलग तीन रविवार ड्युटीमुळे माझी मिस्सा चुकली होती. कम्युनियन म्हणजे मी आणि माझा देव, अशी माझी आजवरची समजूत. रांगेत उभं राहायचं, परत जागेवर येऊन डोळे मिटायचे. पण बायबलमध्ये संत पौलाने करिंथकरांना लिहिलंय ते वेगळंच आहे : भाकर एकच, म्हणून ती खाणारे आपण पुष्कळजण एक शरीर. काल मी जिला नाही म्हटलं होतं तिच्याच कुपीतला उरलेला घोट माझ्या हातात होता, आणि तो तिच्यामुळेच इथवर आला होता. मी प्यायले. माझंही आमेन नीट उमटलं नाही.

कुपी परत देऊन उशा सारख्या करायला वाकले, तर आजींचा डावा हात वर आला. बोट पुढे आलं आणि माझ्या ओठांवर टेकलं.

मग दहाचं फीड लावायची वेळ झाली.