हकीगत सांगणारी व्यक्ती

आमच्या केसपेपरवर रुग्णाच्या नावाखाली एक रकाना असतो, ‘हकीगत सांगणारी व्यक्ती’. पेशंट बेशुद्ध असला, लहान मूल असलं किंवा बोलू शकत नसलं की तो भरायचा. मागच्या दिवाळीत, वसुबारसेच्या दुपारी, मी तिथे ‘घरमालकीण’ असं लिहिलं. तो रकाना अजून डोक्यातून जात नाही.

दिवाळीआधीच्या आठवड्यात कॅज्युअल्टीत काय येणार हे ठरलेलं असतं. माळ्यावरून डबे काढताना स्टुलावरून पडलेले, चकलीच्या तेलाने भाजलेले आणि बाथरूम घासताना गुदमरलेल्या बायका. ही चाळिशीची बाई रिक्षातून आली. डोळे लालभडक, आणि खोकल्याची ढास अशी की एक शब्द पुरा होईना. सोबतच्या मालकीणबाई म्हणाल्या, “सकाळपासून पोटात काही नव्हतं तिच्या. ॲसिडिटी असेल. घरी दूध पाजलं, कांदा हुंगवला.” इंटर्न ईसीजीचं मशीन ओढायला धावला. ट्रॉली ढकलणारे मामा दोन हातांवरूनच म्हणाले, “डॉक्टर, साडीला हायपोचा वास येतोय.” रोज हायपोच्या, म्हणजे वॉर्ड पुसायच्या ब्लीचच्या, बादल्या बनवणाऱ्या माणसाच्या नाकाला जे कळतं ते इंटर्नला पुस्तकात सापडत नाही.

पुन्हा विचारल्यावर मालकीणबाईंनी सांगितलं, “तिनेच ॲसिड आणि ब्लीच मिक्स केलं. हजारदा सांगितलंय.” मी तसंच लिहून घेतलं.

साडी बदलली, डोळे सलाईनने धुतले, ओलसर ऑक्सिजन लावला, सॅल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन दिलं. संध्याकाळपर्यंत सॅच्युरेशन ९७, छाती मोकळी, एक्स-रे स्वच्छ. आता सगळ्यांनाच घरी जायचं होतं. तिच्या नवऱ्याला, मालकीणबाईंना, आणि खरं सांगायचं तर खाट मोकळी हवी असलेल्या माझ्या सहकाऱ्यालाही. इथे मी हटून बसते. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, नाका-घशातच झोंबतो आणि माणूस पळ काढतो. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आल्यावर निघणारा क्लोरीन वायू बेताचा विरघळतो, म्हणून खालच्या बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचतो आणि तिथल्या ओलाव्यात त्याचं ॲसिड होतं. सूज येऊन फुप्फुसात पाणी साचायला कित्येक तास लागू शकतात, आणि पहिला एक्स-रे तोवर छान दिसतो. नवरा ‘डामा’, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतोय असं, लिहून द्यायला तयार होता. मी कागदच पुढे केला नाही. मध्यरात्रीनंतर सिस्टरांचा फोन आला: सॅच्युरेशन ८७, छातीत दोन्ही बाजूंना खाली बुडबुड. दोन दिवस मास्कचं प्रेशर लागलं.

तिसऱ्या दिवशी ती बोलली. फरशीवर क्षारांचे पांढरे डाग होते. दारावरच्या हातगाडीवरून घेतलेलं सुट्टं ॲसिड, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीतलं, तिने ओतलं आणि खाली बसून घासायला लागली. डाग निघेनात, तेव्हा मालकीणबाईंनी दार उघडून उभ्या उभ्या वरून ब्लीच ओतलं आणि दार ओढून घेतलं, कारण स्वयंपाकघरात फराळ चालला होता आणि वास आत नको होता. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो जमिनीलगत साचतो, आणि उकिडवं बसून घासणाऱ्या बाईचं नाक नेमकं तिथेच असतं.

म्हणजे मिक्स कोणीच केलं नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बादलीत दोन बाटल्या एकत्र ओतून ढवळलेलं मला तरी कोणी आठवत नाही. एकाने डाग गेला नाही म्हणून त्यावर दुसरं टाकलेलं असतं, मध्ये पाणी न मारता. किंवा कमोडमध्ये टॉयलेट क्लीनर ‘मुरायला’ सोडलेलं असतं आणि घरातलं दुसरंच कोणी येऊन ब्लीच टाकतं. बाटलीवर बारीक अक्षरात ‘मिसळू नका’ छापलेलं असतं, पण यांच्यापैकी कोणालाच आपण काही मिसळतोय असं वाटलेलं नसतं. शिवाय बाटलीबंद क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण १० टक्के तरी माहीत असतं. सुट्ट्यात किती, ते गाडीवाल्यालाही ठाऊक नसतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड विकताना गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघा, नोंदवही ठेवा असं सांगितलंय. गाडीवाल्याकडे नोंदवही कसली, साधं लेबल नाही.

विषबाधा म्हटली की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, होते. ‘पोलीस’ शब्द ऐकल्यावर मालकीणबाई रोज डबा घेऊन यायला लागल्या. औषधांचं बिलही त्यांनीच भरलं, हे सांगायला हवं. त्या वाईट बाई होत्या असं मला वाटत नाही. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं, त्या गेल्याही. तरी तिने सांगितलं, “माझ्याच हातून झालं साहेब. कोणाबद्दल तक्रार नाही.” हवालदाराने अंगठा घेतला आणि तो निघाला.

राउंडला मी विचारलं तर ती म्हणाली, “त्या घरच्या ओळखीवर आणखी तीन घरं आहेत, डॉक्टर.”

पोलिसांच्या कागदावर एकच हकीगत आहे. केसपेपरवर दोन आहेत, तारीख-वेळेसकट. दुसऱ्या हकीगतीपुढे त्या रकान्यात मी ‘रुग्ण स्वतः’ असं लिहिलंय.