गाडीतला आवाज फाटतोय? नवा ॲम्प घेण्याआधी गेन तपासा

ॲम्पच्या, म्हणजे स्टिरिओचा सिग्नल मोठा करून स्पीकरना देणाऱ्या पेटीच्या कडेला, बहुतेक वेळा आरसीए सॉकेटांच्या (स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या पिना बसतात त्या खोबण्यांच्या) शेजारी, एक बारीक खाचेचा स्क्रू असतो. वर 'गेन' किंवा 'लेव्हल' असं लिहिलेलं असतं. एका टोकाला ६ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ०.२ व्होल्ट. गाडीतल्या साउंडचं बरंवाईट बरंचसं या स्क्रूवर ठरतं, आणि नेमका तोच घाईत, एखादं जोरदार गाणं लावून, 'हां, आता दणका येतोय' इथपर्यंत फिरवून सोडून दिला जातो. पुण्यातल्या नाना पेठेत शनिवारी दुपारी गाड्यांची रांग लागलेली असताना फिटिंग करणारा मीटर लावून तासभर बसणार नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मग महिन्याभरात आवाज फाटायला लागतो, दोष वूफरवर, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरवर जातो आणि माणूस आणखी मोठा ॲम्प घ्यायला निघतो. त्याआधी एक मल्टीमीटर आणि एक निवांत रविवार पुरेसा आहे.

गेन वाढवून ॲम्पची ताकद वाढत नाही. स्टिरिओकडून किती व्होल्टचा सिग्नल आला की ॲम्पने आपली पूर्ण ताकद लावायची, एवढंच तो स्क्रू ठरवतो. समजा तुमचा स्टिरिओ जास्तीत जास्त ४ व्होल्ट देतो आणि गेन ०.२ व्होल्टवर आहे. म्हणजे स्टिरिओने आपल्या व्होल्टेजचा विसावा भाग दिला, तेव्हाच ॲम्पचा दम संपला. त्यापुढे व्हॉल्यूम कितीही वाढवा, ॲम्पकडे द्यायला काही उरलेलं नाही. तो फक्त लाटेचा माथा कापत बसतो.

हे माथा कापणं ऑसिलोस्कोपवर बघण्यासारखं असतं. साइन लाट गोल, गुळगुळीत वर जाते आणि खाली येते. गेन केसभर पुढे सरकवला की वरचा गोलवा किंचित चपटा होतो, आणखी केसभर सरकवला की टेबलासारखा सपाट. गोल लाटेपेक्षा तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लाटेत दुप्पट पॉवर असते. म्हणजे १०० वॉटचा ॲम्प पूर्ण फाटला की स्पीकरच्या कॉइलवर (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर) २०० वॉटच्या आसपास उष्णता पडू शकते. म्हणूनच 'ॲम्प छोटा आहे, स्पीकर जळणार नाही' हा हिशेब चुकतो. वूफरमधून वॉर्निश जळल्याचा वास आला तर कॉइलवरचं इनॅमल तापून सुटत आहे असं समजा आणि लगेच बंद करा. ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, तर वासही न देता जातो. कापलेल्या लाटेत हार्मॉनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरच्या पट्टीचे सूर तयार होतात, शिवाय बेस फाटून एका जागी अडला तरी वरच्या पट्टीचा आवाज मात्र वाढतच राहतो. हा सगळा मार ट्वीटरच्या केसाएवढ्या तारेवर पडतो.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी टोन तयार करा. यूट्यूबवरचे टोन वापरू नका, ते कॉम्प्रेस होऊन येतात आणि त्यांची लेव्हल नेमकी किती हे कळत नाही. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात 'जनरेट' मेनूतून टोन घ्या, साइन निवडा, ५० हर्ट्झ, कालावधी १२० सेकंद. ॲम्प्लिट्यूडच्या रकान्यात आपोआप ०.८ येतं, ते बदलून १ करा. हा झाला ० डेसिबलचा, म्हणजे फाइलमध्ये मावेल तेवढ्या कमाल लेव्हलचा टोन. ०.५६ टाकलं की उणे ५ डेसिबल. असाच दुसरा टोन १००० हर्ट्झचा करा आणि तिसरा ४०० हर्ट्झचा, तो का ते पुढे येईल. डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून सेव्ह करून पेन ड्राइव्हवर टाका. ब्लूटूथवर फोनचा स्वतःचा व्हॉल्यूम मध्ये येतो, म्हणून मोजणी पेन ड्राइव्हवरूनच करायची.

मग स्टिरिओत सगळं सपाट. इक्वलायझर शून्यावर, लाउडनेस बंद, बेस बूस्ट बंद, बॅलन्स आणि फेडर मध्यावर, सबवूफर लेव्हल शून्यावर. हल्लीच्या ९ इंची अँड्रॉइड स्टिरिओत डीएसपीचा (आवाजाच्या सेटिंगचा) वेगळा पडदा असतो आणि तिथे 'रॉक' किंवा 'पॉप' असा काहीतरी साचा आधीच लावून ठेवलेला असतो, तो आठवणीने काढा. कंपनीच्या स्टिरिओत वेगाबरोबर आवाज वाढवणारी सोय असेल तर तीही बंद. ॲम्पवर बेस बूस्ट शून्य, गेन पूर्ण डावीकडे, म्हणजे जास्त व्होल्टच्या टोकाला. क्रॉसओव्हर मात्र आत्ताच लावून टाका: सबला (सबवूफरला) लो पास ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचाच आवाज जाईल, आणि दारातल्या स्पीकरना हाय पास ८० हर्ट्झ, म्हणजे त्यावरचाच. सबचा बॉक्स पोर्टचा, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेला असेल तर अगदी खालचा आवाज अडवणारा सबसॉनिक फिल्टर २५ ते ३० हर्ट्झच्या दरम्यान, कारण पोर्टच्या ट्यूनिंगखाली कोनला आवरायला हवेचा आधार राहत नाही.

बेस बूस्टबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त वूफर याच नॉबने मारले आहेत. हा बूस्ट बहुतेक ॲम्पवर ४५ हर्ट्झच्या आसपास काम करतो आणि १२ डेसिबलपर्यंत जातो. १२ डेसिबल म्हणजे व्होल्टेज चौपट, पॉवर सोळापट. गेन अगदी मोजून लावला आणि मग हा नॉब अर्ध्यावर नेला, तर सगळी मोजणी वाया गेली. बूस्ट हवाच असेल तर आधी तो लावा आणि मग ४५ हर्ट्झचा टोन घेऊन गेन ठरवा.

यानंतर स्टिरिओची स्वच्छ हद्द शोधायची. ही पायरी लोक गाळतात आणि इथेच फसतात, कारण स्टिरिओमधूनच फाटलेला सिग्नल आला तर ॲम्प तो इमाने इतबारे मोठा करून देणार. ॲम्पचा गेन कमी करून ते दुरुस्त होत नाही. आरसीएची पिन ॲम्पमधून काढा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक मधल्या पिनेला, काळं बाहेरच्या कड्याला. ० डेसिबलचा टोन लावा आणि व्हॉल्यूम एकेक पायरी वाढवत आकडे कागदावर उतरवा. काही अंतरापर्यंत आकडे ठरावीक चालीने वाढतात, मग एकदम वाढ आखडते. २८ वरून २९ वर जाताना पाव व्होल्टची भर पडत होती आणि ३१ वरून ३२ वर जेमतेम काही पडतच नाही, असं दिसलं की माथा कापायला सुरुवात झाली. तिथून दोन पायऱ्या मागे या. तो तुमचा कमाल व्हॉल्यूम. एवढी खटपट नको असेल तर एकूण पायऱ्यांच्या पाऊण भागावर थांबा, ४० असतील तर ३०. हा अंदाज झाला, मोजमाप नव्हे.

कंपनीचाच स्टिरिओ ठेवून स्पीकरच्या वायरींतूनच सिग्नल घेणारं हाय लेव्हल इनपुट किंवा कन्व्हर्टर वापरत असाल तर हीच मोजणी स्पीकरच्या वायरींवर करा, आणि ५० हर्ट्झवर जरूर करा. बरेच कंपनी स्टिरिओ दारातले छोटे स्पीकर वाचवण्यासाठी व्हॉल्यूम वाढेल तसा बेस कमी करत नेतात. मग १००० हर्ट्झचे व्होल्ट वाढत राहतात, ५० हर्ट्झचे मध्येच थबकतात. मोठ्या आवाजात सब मिळमिळीत का वाटतो याचं उत्तर बरेचदा इथे असतं. ते गेन वाढवून सुटत नाही.

आता ॲम्पकडून किती व्होल्ट हवेत ते काढू. पॉवर गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. पॉवर म्हणजे आरएमएस, सलग देता किंवा पेलता येणारी ताकद; खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेली 'मॅक्स' नव्हे. ॲम्प आणि स्पीकर यांच्यापैकी ज्याची आरएमएस कमी, ती धरायची. दारातले स्पीकर ६० वॉटचे, ४ ओहम, आणि ॲम्प चॅनलला ७५ वॉट देणारा असेल तर ६० धरा: २४० चं वर्गमूळ, साधारण १५.५ व्होल्ट. सब ३०० वॉटचा, ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडून २ ओहम झालेल्या, आणि ॲम्प २ ओहमला ३५० वॉटचा: ६०० चं वर्गमूळ, २४.५ व्होल्ट.

या ओहमच्या आकड्यात चूक करू नका. वरच्याच सबला नजरचुकीने ४ ओहम धरलं तर उत्तर ३४.६ व्होल्ट येतं, म्हणजे २ ओहमच्या कॉइलवर ६०० वॉटची मागणी. मोजताना स्पीकर सोडवलेला असल्यामुळे मीटरवर ३४.६ दिसूही शकतं आणि सगळं बरोबर झालं असं वाटतं. गाणं लावल्यावर ॲम्प फाटतो. कॉइल कशा जोडल्या आहेत ते सांगण्यावर विसंबू नका, वायर ॲम्पमधून सोडवून मीटरने ओहम मोजा. २ ओहमच्या जोडणीला मीटर साधारण दीड ते पावणेदोन दाखवतो, ते ठीक आहे.

मीटरविषयी: तपकीर गल्लीत मिळणारा पिवळा स्वस्तातला मीटर ५० हर्ट्झवर काम भागवतो, पण त्याची एसीची सगळ्यात लहान पट्टी २०० व्होल्टची असते. आरसीएचे दोन-चार व्होल्ट त्यावर नीट वाचता येत नाहीत. शिवाय असे मीटर घरच्या विजेसाठी बनवलेले असतात. साधारण ४०० हर्ट्झच्या पुढे त्यांचा आकडा भरवशाचा राहत नाही. १००० हर्ट्झवर मीटर कमी दाखवतो, तुम्ही गेन वाढवत जाता आणि ट्वीटरचा बळी जातो. म्हणून साध्या मीटरवर दारातल्या स्पीकरसाठी ४०० हर्ट्झचा टोन. जमत असेल तर ट्रू आरएमएसवाला, पट्टी आपोआप निवडणारा (ऑटोरेंज) मीटर घ्या, तो पुढेही उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष मोजणीत आधी सगळे स्पीकर ॲम्पमधून सोडवा. स्पीकर न जोडता ॲम्प चालवल्याने त्याला काही होत नाही, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटं अखंड भोंगा वाजवल्याबद्दल कुणी वर बोलावणार नाही. आरसीए परत जोडा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असावेत, त्यासाठी इंजिन सुरू ठेवावं लागतं. तळघरातल्या पार्किंगमध्ये हे अजिबात करू नका, कार्बन मोनॉक्साइड साचतो. गाडी उघड्यावर काढा. सबसाठी ५० हर्ट्झचा, दारातल्या स्पीकरसाठी १००० (साध्या मीटरवर ४००) हर्ट्झचा टोन लावा, व्हॉल्यूम मघाशी ठरवलेल्या आकड्यावर न्या, मीटर ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि स्क्रू अगदी हळू उजवीकडे फिरवा. शेवटच्या भागात स्क्रू फार हळवा असतो, केसभर फिरवला तरी दोन-तीन व्होल्टची उडी पडते. हवा तो आकडा आला की थांबा. दुसरा चॅनल तपासा. टोन बंद करा, ॲम्प बंद करा, मगच स्पीकर जोडा.

० डेसिबलवर गेन लावला तर फाटण्याचा प्रश्न सहसा येत नाही, पण जुनी नाट्यगीतं किंवा भावगीतं दबकी वाटतील, कारण त्या रेकॉर्डिंगची लेव्हलच खाली असते. तेव्हा दारातल्या स्पीकरसाठी उणे ५ चा टोन घ्यायला हरकत नाही. त्यात क्षणभराच्या टोकांवर थोडं कापलं जातं, पण ते सहसा कानाला कळत नाही. आजकालची गाणी आणि ढोल-ताशाची रेकॉर्डिंगं मात्र शून्याला भिडूनच असतात. तुम्ही तीच ऐकत असाल तर सब ० डेसिबलवरच लावा, कारण बेसमध्ये फाटणं कानाला उशिरा कळतं. बऱ्यापैकी फाटलेला ५० हर्ट्झ ऐकणाऱ्याला 'भरलेला' वाटतो.

मल्टीमीटर व्होल्ट सांगतो, लाटेचा आकार सांगत नाही. ॲम्पवर छापलेली आरएमएस फुगवलेली असेल तर हिशेबातले व्होल्ट येण्याआधीच तो फाटलेला असू शकतो. हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा छोटा ऑसिलोस्कोप मिळाला तर तोच खरा न्यायाधीश. फक्त ब्रिज केलेल्या (दोन चॅनल मिळून एक केलेल्या) ॲम्पवर स्कोपची काळी क्लिप गाडीच्या बॉडीला लावू नका. तिथे दोन्ही टोकांवर सिग्नल असतो.

एवढं करूनही जोरात बेसला आवाज फाटत असेल, दिवे मिणमिणत असतील, तर सब जोडून टोन वाजवा आणि ॲम्पच्या प्लस-मायनसवर डीसी व्होल्ट मोजा. बॅटरीवर १४ आणि ॲम्पवर १३ असेल तर दोष वायरचा किंवा अर्थिंगचा. ३०० वॉटचा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात २७ अँपिअरच्या आसपास ओढतो. स्वस्त वायर किटमध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, तिथेच व्होल्ट गळतात. अर्थ वायर दोन फुटांच्या आत, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, दात्याच्या वॉशरने आवळलेली हवी. सीटबेल्टचे बोल्ट त्यासाठी वापरू नका. एक्सलरेटरबरोबर चढणारी 'सूंऽऽ' ही शिट्टीसुद्धा बहुतेक वेळा अर्थिंगची किंवा पॉवर वायरला चिकटून नेलेल्या आरसीएची असते. गेन जास्त असेल तर ती मोठी ऐकू येते इतकंच.

सगळं जोडल्यावर ओळखीचं गाणं लावा. सब पुढच्या स्पीकरवर चढत असेल तर सबचा गेन कमी करा, स्पीकरचा वाढवू नका. मोजलेला आकडा ही वरची हद्द आहे, खाली कितीही यायला मोकळीक. शेवटी स्क्रूच्या खाचेसमोर ॲम्पवर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या आणि एका चिठ्ठीवर लिहून ॲम्पशेजारी चिकटवा: व्हॉल्यूम ३०, ५० हर्ट्झ, २४.५ व्होल्ट. गाडी सर्व्हिसिंगहून आली आणि खाच ठिपक्यासमोर नसेल, तर पाच मिनिटांत परत जागेवर आणता येईल. स्टिरिओ बदलला तर मात्र पहिल्यापासून मोजा.