तारीख नसलेली प्रतीक्षा

वसईत मिस्सेनंतर चर्चच्या आवारात, प्रार्थनागटात, कधी शेजारच्या हिंदू मित्रांकडूनही मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो: "सर, इतकी वर्षे देवाकडे एकच गोष्ट मागता आणि ती मिळत नाही, मग तुमची श्रद्धा टिकते तरी कशी?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या धाकट्या भावाला ऐन तारुण्यात स्किझोफ्रेनिया झाला. औषधांनी आजार बराचसा आटोक्यात आला, पण कॉलेजचे मैदान गाजवणारा तो मुलगा काही आम्हाला परत मिळाला नाही. आईवडील ज्या मागणीसह गेले, ती मागणी आता माझ्याकडे आली आहे. तुम्ही विचारलंत म्हणून, जमेल तितके नीट लिहितो.

सगळ्याच प्रतीक्षा सारख्या नसतात. वसईच्या पाचूबंदरच्या होड्या पावसाळी मासेमारीबंदीत १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, बंद असतात. त्या काळात घरखर्चाची ओढाताण होते, पण कोळी बांधवांना दिवस मोजता येतात. आगमनकाळात चार रविवारी चार मेणबत्त्या पेटवल्या, की नाताळ येणार याविषयी कोणाला शंका नसते. तुम्ही ज्या प्रतीक्षेविषयी विचारता, तिला अशी तारीख नसते आणि म्हणूनच कोणी तारीख देऊ केली, की माणूस तिच्यावर झडप घालतो. एका प्रार्थनासभेत आम्हाला सांगण्यात आले, की अमुक दिवस उपवास केल्यास मुलगा बरा होईल आणि न झाल्यास घरच्यांचा विश्वास उणा पडला असे समजावे. आईने उपवास केला. मुलगा बरा झाला नाही आणि त्यानंतर बराच काळ ती स्वतःच्याच विश्वासाची झडती घेत राहिली. आजाऱ्याच्या आईवर असा बोजा टाकणे मला शुभवर्तमानाशी विसंगत वाटते आणि हे मी आता कोणाचीही भीड न बाळगता सांगतो.

तारीख देणारे पूर्वीही होते. बायबलमध्ये यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा यरुशलेमेतल्या लोकांना सांगतो, की बाबेलच्या राजाने बंदी करून नेलेली माणसे आणि लुटून नेलेल्या वस्तू, सगळे दोन वर्षांच्या आत बाबेलहून परत येईल. लोकांना तेच ऐकायचे होते. पुढच्याच अध्यायात यिर्मया बाबेलमधल्या बंदिवानांना पत्र पाठवतो आणि त्यात सत्तर वर्षांची मुदत सांगतो. त्या पत्रातले अकरावे वचन, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत हे सांगणारे, आपल्याकडे कॅलेंडरवर, लग्नाच्या पत्रिकेवर आणि मोबाइलच्या स्टेटसवर असते. त्याच्या आधीचे दहावे, सत्तर वर्षांचे वचन मात्र कोणी छापत नाही. ते पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना करायला सांगितले ते असे: घरे बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. ज्या नगराने त्यांना बंदी केले, त्याच नगरासाठी प्रार्थना! रुजणे म्हणजे काय, असे मला विचाराल तर मी या पत्राकडे बोट दाखवीन. परत जाण्याची इच्छा सोडून द्या, असे यिर्मया म्हणत नाही. पण ती पूर्ण होईपर्यंत सामान सोडायचेच नाही, असे जगू नका, एवढे तो नक्की म्हणतो.

आमच्या घराने वर्षानुवर्षे सामान सोडलेच नव्हते. घराची दुरुस्ती, बहिणीकडे राहायला जाणे, वाडीत नवी लागवड, सगळे "तो बरा झाला की मग" या एका वाक्यापाशी अडून राहिले होते. ते पत्र मन लावून वाचल्यानंतर आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे विहिरीचा मोडका कठडा बांधून घेतला आणि त्या बाजूला केळी लावल्या. आता संध्याकाळी त्यांना पाणी सोडण्याचे काम भाऊच करतो. पुष्कळदा पाणी सोडून तो तिथेच उभा राहतो आणि आळे भरून वाहू लागले तरी त्याच्या ध्यानात येत नाही.

आता प्रार्थनेविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. स्वतःच्या शब्दांत एकच गोष्ट मागत राहिलो, की हळूहळू देव मागे पडतो आणि मागणीच समोर उरते, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे मी उसन्या प्रार्थना करतो. स्तोत्रसंहितेतले तेरावे स्तोत्र "कोठवर?" असे विचारत सुरू होते आणि सहाच वचनांत स्तुतीवर येऊन थांबते. ज्या दिवशी तेवढे चालवत नाही, त्या दिवसासाठी अठ्ठ्याऐंशीवे आहे. त्यात शेवटपर्यंत दिलासा येत नाही. ते अंधारातच संपते. अशी प्रार्थना पवित्र शास्त्रात ठेवली आहे, म्हणजे माझ्या तक्रारीसाठी देवाने स्वतःच जागा राखून ठेवली आहे, असे मी समजतो. तक्रार करणारा निदान बोलत तरी असतो.

रात्रीची जपमाळ आम्ही दोघे मिळून म्हणतो. टेबलावर जपमाळेशेजारीच त्याच्या गोळ्यांचा स्टीलचा डबा असतो, कारण मी दोन्हींची वेळ एकच ठेवली आहे. त्याच्या एका औषधासाठी ठरावीक काळाने रक्त तपासून पांढऱ्या पेशी पाहाव्या लागतात. ती तारीखही मी चर्चच्या कॅलेंडरवरच लिहून ठेवतो. कोणी म्हणते, प्रार्थनेवर विश्वास असेल तर गोळ्या कशाला? डॉक्टरांची विद्याही देवाचीच देणगी आहे, इतकेच उत्तर मी देतो आणि विषय बदलतो. जपमाळ म्हणताना भावाचा अंगठा कधी एकाच मण्यावर थांबतो. मी "नमो मरिये" पुढे म्हणत राहतो आणि दोन-तीन मण्यांनंतर तो पुन्हा येऊन मिळतो. मीच थकलेला असतो, तेव्हा उलटही घडते.

जेझुइट या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम या काळात मला फार उपयोगी पडला: मन कोरडे, उदास झाले असेल तेव्हा पूर्वी केलेला निश्चय बदलू नये. उदासीत माणसाला सगळे मोडून टाकणेच शहाणपणाचे वाटते. मिस्सेला जाऊन काही वाटत नाही, तर जावे कशाला, हा विचार मला अनेकदा आला आणि केवळ या नियमामुळे मी उठून गेलो. काही वाटणे हा श्रद्धेचा पुरावा मानायचा, तर मदर तेरेसा यांचे काय करणार? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांतून दिसते, की कित्येक दशके त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीव होत नव्हती आणि त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या.

आपल्या वसईचेच उदाहरण हवे असेल, तर संत गोन्सालो गार्सिया आहेत. तरुणपणी त्यांनी जपानमध्ये जेझुइट फादरांबरोबर काही वर्षे काम केले. त्यांच्या संघात प्रवेश मिळावा अशी त्यांची इच्छा होती, पण तो मिळाला नाही. पुढे ते व्यापारात पडले, मनिलाला गेले आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले. दुभाषी म्हणून ते जपानला परतले, ते व्यापाराच्या आणि प्रचाराच्या वर्षांत शिकलेल्या भाषेच्या बळावर. १५९७ साली नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मृत्यू आला. नकाराची ती वर्षे वाया गेली असे म्हणता येणार नाही. पण ती भोगत असताना त्यांना याची कल्पना असेल, असेही मला वाटत नाही. म्हणूनच "देवाची वेळ यायची आहे" हे वाक्य दुःखात असलेल्या माणसाला फार लवकर ऐकवू नये.

विचारणाऱ्यांपैकी काही जण शेवटी हळूच म्हणतात, "सर, मला तर आता प्रार्थनाच करवत नाही." त्यांना मी उपदेश करत नाही. मे महिन्यात गावच्या क्रुसापुढे लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, होते, तिथे येऊन नुसते बसा, म्हणण्याचे काम बाकीचे करतील, असे सांगतो. तुम्हीही हाच प्रश्न घेऊन आला असाल, तर माझी श्रद्धा कशी टिकते हे राहू द्या; तुमच्या घरी तुमच्या बरोबरीने प्रार्थनेला कोण बसते, ते आधी मला सांगा. कोणीच नसेल, तर आमच्याकडे या. आम्ही रात्री आठला बसतो.