साडेचार रुपयांची बचत

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, चार दिवस होते. सकाळी सव्वाआठला बेळगावच्या ट्रकवाल्याचा फोन आला. अनमोड घाटात दरड आलीय, गाडी रामनगरला उभी आहे. त्या गाडीत आमची पुठ्ठ्याची चार हजार खोकी. गोव्यात कुंडईच्या एका कारखान्यात मी खरेदी बघतो. खोकं नसलं की तयार माल लायनीवरच पडून राहतो.

सिस्टीमवर साठा 1150 दाखवत होता. रोज 400 लागतात. गोदामात जाऊन पाहिलं, तर भिंतीकडच्या थप्पीतले खालचे गठ्ठे अंगठ्याने दाबले की आत जात होते. पाच पदरी असलं तरी शेवटी कागदच. आमच्याकडच्या पावसात तो पापडासारखा सादळतो. 200 बाद केली. उरली 950, आणि चवथीच्या सुट्टीपर्यंत हवी होती 1600.

ही वेळ मीच आणली होती. एप्रिलपर्यंत खोकी जवळच्याच बेतोड्याहून यायची. दर 41 रुपये, आज सांगितलं की परवा दारात. बेळगावने पोचवून 36.50 चा दर दिला. महिन्याला 45 हजार वाचणार, हे मी मीटिंगमध्ये जरा मोठ्यानेच सांगितलं होतं.

दरड आली तेव्हा आमच्याकडे बिझनेस मॅनेजमेंटची एक विद्यार्थिनी इंटर्नशिप करत होती. मी फोनाफोनी करत असताना तिने जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदींची, फाइल काढली आणि जूनपासूनच्या बेळगावच्या खेपा मोजल्या. ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत 4, 6, 5 आणि 9 दिवस.

"सर, सरासरी 6 येते. सिस्टीममध्ये 4 कसे?"

एप्रिलमध्ये कोरड्या रस्त्यावर आलेली पहिली खेप बघून मीच ते भरले होते. चार दिवसांचे 1600, वर अडीअडचणीसाठी दोन दिवसांचा सेफ्टी स्टॉक 800, म्हणून रीऑर्डर लेव्हल 2400, म्हणजे साठा तिथवर उतरला की नवी ऑर्डर द्यायची. पण सहा दिवसांचेच 2400 होतात. म्हणजे अख्ख्या पावसाळ्यात आमचा सेफ्टी स्टॉक शून्य होता. नऊ दिवस लागले त्या वेळी मशीन दुरुस्तीला बंद होतं म्हणून निभावलं. ते नशीब मी नियोजन समजलो.

शेवटी बेतोड्याला फोन लावला.

"कितें रे, आज आठवण आली?" तिथले मालक भाई म्हणाले. "खोकी देतो. आधी माझं एप्रिलचं बिल सोड."

त्यांचं शेवटचं बिल अजून पडून आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. पीओ (आमची खरेदी ऑर्डर) आणि बिल 3000 खोक्यांचं, जीआरएन 2960 चा. तिन्ही आकडे जुळल्याशिवाय अकाउंट्स पैसे सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण कमी आलेल्या 40 खोक्यांचे पैसे वजा करणारी डेबिट नोट काढून बाकीचं बिल मोकळं करायचं काम माझं. 1640 रुपयांच्या फरकापायी लघुउद्योजकाचे सव्वा लाखाच्या आसपास चार महिने अडकले होते. लेखी करार असला तरी अशा पुरवठादाराला 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं. भाईंनी कायद्याचं नावही काढलं नाही. त्यामुळे जास्तच ओशाळलो.

दुपारी डेबिट नोट काढली, पैसे सोडले. संध्याकाळी 700 खोकी आली, 44 च्या दराने. घासाघीस करायला तोंड नव्हतं. खोकी कोरी होती, कारण छपाईचा आमचा स्टिरिओ (ठसा) एप्रिलमध्येच बेळगावला गेला होता. रात्री नऊपर्यंत आम्ही सगळे, मॅनेजरसकट, खोक्यांवर स्टिकर चिकटवत बसलो. माझे निम्मे वाकडे लागले.

त्या मुलीने जाण्याआधी नवा हिशेब मांडून दिला. कधीकधी रोजचा खप 480 पर्यंत जातो. नऊ दिवस धरले तर जून ते सप्टेंबर लेव्हल 4320. एवढी खोकी कोरडी ठेवायला लाकडी पॅलेट लागतील, तो खर्चही तिने 36.50 मध्ये मिळवला होता. मी तीस टक्के ऑर्डर परत बेतोड्याला दिली आणि दुसरा स्टिरिओ करायला टाकला.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधत होतो, तर वॉचमनचा फोन. "साहेब, बेळगावची गाडी आली. उतरवायला कोण नाही."

ताडपत्री घट्ट बांधून ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा घेऊन गेटवर गेलो. त्याने दोन खाल्ल्या, हात पुसले आणि विचारलं, "साहेब, थांबल्याचं भाडं कोण देणार?"

पीओ उघडून पाहिली. त्याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.