सात किलो, सात रात्री आणि परकराची नाडी

पुरणाची डाळ मोजायच्या काट्यावर मी माझी पैठणी ठेवली, तेव्हा आकडा आला ९१० ग्रॅम. मग महेश्वरी ठेवली, ती ४२० भरली. महेश्वरी पिशवीत गेली, पैठणी पुन्हा कपाटात. अलास्काच्या जहाज-सफरीच्या सामानाची सुरुवात ठाण्याच्या आमच्या स्वयंपाकघरात अशी झाली.

वजनाकडे एवढं लक्ष द्यायला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी युरोपच्या सहलीत आम्ही दोघांनी तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा नेल्या होत्या. एका मुक्कामी हॉटेलला लिफ्ट नव्हती. दोन्ही बॅगा यांनी दुसऱ्या मजल्यावर चढवल्या आणि पाठ धरली. पुढचे तीन दिवस गाव खिडकीतून पाहिलं. घरी येऊन बॅगा उघडल्या, तर माझे निम्मे कपडे इस्त्रीच्या घडीतच होते. तेव्हाच ठरवलं, की यापुढे मला एका हाताने उचलता येईल एवढंच सामान न्यायचं. लेक सिअ‍ॅटलजवळ राहते. तिच्यासाठी नेलेले लाडू, चिवडा, मसाले यांची पेटी विमानात वेगळी टाकली आणि ती तिच्याच घरी राहिली. जहाजावर मात्र आमची दोघांची प्रत्येकी सात किलोची एकेक पिशवी.

सात रात्री, सात किलो. ऐकणारे विचारतात, कपडे पुरले कसे? कपडे किती न्यायचे हे सहलीच्या दिवसांवर ठरवलं की पिशवी फुगते. मी हिशेब दोन धुण्यांमधल्या दिवसांचा केला. रोज रात्री धुवायचं म्हटलं तर तीन जोड भागतात: एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. माझ्याकडे तीन कुर्ते, दोन विजारी, मेरिनो लोकरीचा आतून घालायचा एक जोड, एक मऊ उबदार फ्लीस, एक पावसाळी जाकीट, आतल्या कपड्यांचे चार जोड, मोज्यांचे तीन आणि ती महेश्वरी. बूट पायात. कुर्ते निवडताना रंग नंतर पाहिला, आधी प्रत्येक कुर्ता घरी धुऊन पंख्याखाली किती वेळात वाळतो ते पाहिलं. आवडता जाड सुती कुर्ता दुसऱ्या दिवशी दुपारीही शिवणीत ओला होता. तो घरीच राहिला.

ही परीक्षा मला सुचली ती आजोळामुळे. देवरुखला आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसायचं नाही, तरी आजी कोणाला ओलं नेसू द्यायची नाही. माजघरात वलणी होती. त्यावर कपडा दुहेरी टाकायचा नाही, दोन कपड्यांमध्ये वीतभर जागा ठेवायची, पिळा आधी झटकून मोकळा करायचा. आजीचा एक नेम होता: पाणी हाताने जेवढं काढशील, तेवढं वाऱ्याला कमी काढावं लागेल. जहाजाच्या इवल्याशा खोलीत मला तिचं हे वाक्य रोज रात्री उपयोगी पडलं.

सिअ‍ॅटलच्या पिअर ९१ या धक्क्यावरून दुपारी जहाजावर चढलो. मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमालांकडे द्यायच्या असतात आणि त्या खोलीशी पोचायला कधी कधी रात्र होते. म्हणून औषधं आणि एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा, असं सगळे सांगतात. आमच्याकडे हातातली पिशवी हेच सगळं सामान होतं, त्यामुळे खोलीत शिरल्यावर दहा मिनिटांत कपडे खणात लागले. पिशवी पलंगाखाली सरकवली आणि डेकवर जाऊन जहाज सुटताना पाहिलं.

इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीने जहाजावर खोलीत इस्त्री चालत नाही. सामानाच्या तपासणीत सापडली तर काढून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात. मेणबत्तीचंही तसंच. न्यायची तर लोहचुंबकाची आकडी न्या. जहाजाच्या खोल्यांच्या भिंती पोलादी असतात, वरून कितीही लाकडासारख्या दिसल्या तरी, आणि चुंबक त्यांना घट्ट चिकटतं. मी चार आकड्या नेल्या होत्या. दोन समोरासमोरच्या भिंतींना लावल्या आणि त्यांच्यामध्ये परकराची जुनी नाडी ताणून बांधली. झाली वलणी. न्हाणीघरात शॉवरच्या वर ओढून बाहेर काढायची एक दोरी बहुतेक जहाजांवर असतेच, पण तिथे कपडे नुसते निथळायला ठेवावेत. न्हाणीघराची हवा दमट असते, रात्रभरात वाळत नाही. खोलीतली हवा एसीमुळे इतकी कोरडी, की आपले ओठ फुटतात. तेवढ्याच वेगाने कुर्ताही वाळतो.

धुण्याची रीत सांगते. अंघोळीच्या वेळीच कपडे धुवायचे, कारण बेसिन लहान असतं. साबणाची अर्धी वडी नेली होती. घन असल्यामुळे विमानातल्या १०० मिलिलिटरच्या नियमात ती येत नाही. साबण लावून दहा मिनिटं ठेवायचं, दोनदा खळबळून काढायचं, पिळायचं. मग महत्त्वाचं: कोरडा टॉवेल पलंगावर पसरायचा, त्यावर पिळा मोकळा करून ठेवायचा, टॉवेलची वळकटी करायची आणि दोन टोकांना दोघांनी धरून पिळायची. हे काम आम्ही रोज रात्री जेवून आल्यावर मिळून करायचो. टॉवेल जेवढं पाणी ओढून घेतो तेवढं नुसत्या हाताने कधीच निघत नाही. मग कपडा नाडीवर एकेरी. पॉलिएस्टरचा कुर्ता सकाळी सहाला हाताला कोरडा लागायचा. आमचे स्वतःचे दोन पंचेही होते. टर्किश टॉवेलला दोन रात्री लागतात, पंचा तीन तासांत वाळतो, आणि धबधब्याजवळ डोकं पुसायला तोच खिशात मावतो.

दुसऱ्या सकाळी आमच्या खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या मुलाने नाडीवर पंचा पाहिला आणि एकदम मराठीत विचारलं, ‘काकी, खंयचे तुम्ही?’ तो वेंगुर्ल्याकडचा निघाला. त्याने पहिली ताकीद दिली ती बाल्कनीची. ‘कपडे भायर घालू नकात, उडान जातले.’ उडालेला कपडा समुद्रात जातो किंवा खालच्या बाल्कनीत अडकतो. त्याच्याकडून कळलं, की जहाजाचं मोठं धुणं खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या जागेत, चोवीस तास चालतं. हजारो लोकांच्या चादरी, टॉवेल, जेवणघराचे रुमाल तिथे रोज धुतले जातात, तेही समुद्राच्या पाण्यापासून जहाजावरच बनवलेल्या गोड्या पाण्यात. कोकण आणि गोव्याच्या किती घरांत बोटीवरचा पगार येतो हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण तो पगार कशाचा, हे त्याच्याशी बोलताना पहिल्यांदा नीट कळलं. त्यानंतर टॉवेल जमिनीवर टाकताना मी दोनदा विचार करायचे. जमिनीवर टाकला की नवा मिळतो, टांगला की तोच राहतो. आम्ही टांगत राहिलो.

प्रवाशांसाठी आमच्या मजल्यावर धुण्याची खोलीही होती: चार यंत्रं, चार वाळवणी यंत्रं, एक इस्त्री. सगळ्या जहाजांवर ही सोय नसते, तेव्हा तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. नसेल तर सफरीच्या मध्यावर बहुधा ठरावीक दरात पिशवीभर कपडे धुऊन देण्याची योजना निघते. सुटा एकेक कपडा देण्यापेक्षा ती बरीच स्वस्त पडते. सुट्या शर्टाचा आणि पँटचा दर पाहिला तर इथे नवा कपडा येईल. धुण्याच्या खोलीत जायची वेळ साधावी लागते. समुद्रातल्या दिवशी सकाळी दहाला गेले तर बाहेर रांग होती. जहाज बंदरात असताना, सगळे गावात फिरायला गेले की तीच खोली रिकामी. यंत्र लावलं तर तिथेच बसावं. दुसऱ्याचे कपडे यंत्रातून काढून टेबलावर ठेवणारेही असतात.

तिसऱ्या दिवशी जुनो. अलास्काच्या राजधानीचं शहर, पण बाहेरून तिथे रस्त्याने पोचता येत नाही. विमानाने या किंवा पाण्यातून. मेंडेनहॉल हिमनदीसमोर नगेट नावाचा धबधबा आहे. त्याच्या पायथ्यापर्यंत सपाट वाट जाते आणि तुषार दूरवर येतात. लेक-जावयांसकट आम्ही चौघंही कमरेपर्यंत भिजलो. माझी विजार रात्री नाडीवर गेली आणि सकाळी पुन्हा पायात आली. जावयांची जीन्स मात्र दोन दिवस खुर्चीच्या पाठीवर होती आणि तिसऱ्या दिवशी तिला कुबट वास येऊ लागला. जहाजावर जीन्स नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथ्या दिवशी स्कॅग्वे. या गावाबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे.

१८९६ मध्ये कॅनडात क्लोंडाइकच्या खोऱ्यात सोनं सापडलं. १८९७ च्या जुलैत सोनं घेऊन आलेलं जहाज सिअ‍ॅटलला लागलं आणि हजारो माणसं आम्ही निघालो त्याच शहरातून, त्याच पाण्यातून स्कॅग्वेकडे सुटली. पुढे डोंगर आडवे. एक वाट व्हाइट पास खिंडीची, दुसरी शेजारच्या चिलकूटची. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे घोडेस्वार पोलीस उभे असत आणि वर्षभराचा शिधा बरोबर नसेल त्याला पुढे सोडत नसत, कारण पलीकडे उपासमार ठरलेली. शिधा आणि अवजारं मिळून माणशी जवळजवळ एक टन. चिलकूटच्या चढावर बर्फात कोरलेल्या दीड हजार पायऱ्या होत्या. एका खेपेत पाठीवर जेवढं मावेल तेवढं वर न्यायचं, ठेवायचं, खाली यायचं, पुन्हा चढायचं. एका माणसाचं सामान वर जायला तीस-चाळीस खेपा. व्हाइट पासच्या वाटेवर हेच ओझं घोड्यांवर लादलं गेलं आणि सुमारे ३,००० जनावरं तिथे मेली. तिथल्या एका घळीला आजही मेलेल्या घोड्यांची घळ म्हणतात.

आम्ही ती घळ आगगाडीतून पाहिली. १८९८ ते १९०० या काळात बांधलेली ही अरुंद गाडी. रुळांमधलं अंतर तीन फूट. आपल्या माथेरानच्या गाडीचं दोन फूट, त्यामुळे वळणावर डब्यातून आपलंच इंजिन दिसतं तो आनंद ओळखीचा होता. सुमारे ३२ किलोमीटरमध्ये गाडी समुद्रसपाटीवरून ८७३ मीटरवर चढते. डब्यात सगळे उजव्या-डाव्या खिडकीशी उठत होते आणि मी त्या काळी छापलेली सामानाची एक यादी वाचत होते. पीठ ४०० पौंड, म्हणजे १८० किलो. खारवलेलं मांस १५० पौंड. घेवडा १२५ पौंड. आणि कपडे? आतले जाड कपडे तीन जोड. वरचे सदरे दोन. लोकरी मोजे एक डझन. टॉवेल चार. वर्षभरासाठी.

मी यादी यांच्यापुढे धरली. यांनी फक्त ‘तीन जोड’ या शब्दांवर बोट ठेवलं. जिथे एकेक पौंड स्वतःच्या पाठीवर चढवायचा होता, तिथे त्या माणसांनीही कपड्यांचा हिशेब आमच्यासारखाच केला होता. कुठल्याशा बर्फाळ ओढ्यावर ते मोजे कोणी धुतले असतील, कशावर वाळवले असतील, या विचाराने मला गाडीत एकदम भरून आलं. खिंडीतलं पाणी काळंभोर आणि थंड दिसत होतं.

ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीच्या दिवशी धुणं-बिणं काही नाही. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर चढले आणि मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर जवळपास स्तब्ध उभं राहिलं. बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडला की आधी दिसतो आणि मग मेघगर्जनेसारखा आवाज येतो. अंगावर मेरिनो, कुर्ता, फ्लीस, जाकीट, म्हणजे पिशवीतलं जवळजवळ सगळं होतं. एक जाड कोट असता तर तो एवढ्या एकाच दिवसासाठी पूर्ण आठवडा वागवावा लागला असता. थरावर थर घालून थंडी मुळीच वाजली नाही.

त्या रात्री जेवणाला नटून जायचं होतं. महेश्वरी दुपारीच न्हाणीघरात हँगरवर लावली, गरम पाण्याने अंघोळ केली आणि दार पंधरा मिनिटं बंद ठेवलं. वाफेने घड्या उतरल्या. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई साडी कशी नेसतात ते विचारायला उठून आल्या.

केचिकनला पाऊस. तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि धक्क्याजवळ पावसाचा आकडा दाखवणारा उंच फलक लावलेला आहे. देवरुखच्या माणसाला हा पाऊस घरचा. क्रीक स्ट्रीटच्या लाकडी खांबांवरच्या घरांतून मनसोक्त भिजत हिंडलो. मोज्यांचे तिन्ही जोड एकाच दिवशी ओले होऊ नयेत, एवढी काळजी घेतली.

शेवटच्या रात्री धुवायचं नाही, हे लक्षात ठेवा. जहाज संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबून रात्री निघतं आणि मोठ्या बॅगा झोपण्यापूर्वी दाराबाहेर ठेवायच्या असतात. ओलं काही आत गेलं तर ते तसंच बंद राहतं. आपलं सामान आपण उचलणाऱ्यांना मात्र सकाळी सगळ्यांच्या आधी उतरता येतं. सव्वासातला आम्ही पिशव्या खांद्याला लावून उताराच्या पुलावरून चालत निघालो. खाली दालनात रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या शेकडो बॅगा रांगेत उभ्या होत्या. यांनी माझी पिशवीही मागितली, मी दिली नाही.

लेकीच्या घरी पोचल्यावर तिने सवयीने विचारलं, ‘आई, मशीन लावू का? किती कपडे आहेत?’ एक पंचा किंचित ओलसर होता. तो मी तिच्या गॅलरीच्या कठड्यावर टाकला आणि चहाला आत आले.