फ्रान्सच्या गावातलं जुनं दगडी घर भाड्याने घ्यायचंय?

फ्रान्सच्या गावाकडची दगडी घरं फोटोत बघितली की घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये बसून कुणालाही वाटतं, आठ दिवस तिथे जाऊन राहावं. जरूर राहावं. फक्त घर फोटोवरून ठरवू नये, जाहिरातीतला बारीक मजकूर वाचून ठरवावं. डागडुजी कितीही देखणी झाली तरी घर जुनंच असतं, आणि त्याच्या तऱ्हा आपल्यालाच सांभाळून घ्याव्या लागतात.

सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या अशा घराला तिथे ‘झीत’ म्हणतात. ‘झीत द फ्रान्स’ ही १९५५ सालची संस्था घरांना एक ते पाच गव्हाची कणसं देते. पण कणसं मोजतात ती सोयी. घराची दुरुस्ती किती जाणतेपणाने झाली, हे आपणच भिंतीकडे बघून ओळखायचं.

फोटो मोठा करा आणि दोन दगडांमधला सांधा बघा. सांधा फिकट, वाळूच्या रंगाचा, थोडा खरबरीत असेल तर बहुधा चुन्याचा आहे. राखाडी, गुळगुळीत आणि दगडावर उठून आलेला असेल तर सिमेंटचा. या भिंती साधारण अर्धा मीटर जाड असतात आणि पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतून चढलेली ओल चुन्याच्या सांध्यातून उडून जाते. सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग खोलीत कुबट वास येतो, प्लास्टर फुगतं आणि मऊ चुनखडीचा दगड पापुद्र्यांनी सुटायला लागतो. भिंतीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर ते ओलीबरोबर वर आलेले क्षार. असं घर सोडून द्यावं, नुसत्या तुळयांवर भाळू नये.

पहिल्या खेपेला नैऋत्य फ्रान्समधला दोर्दोन्य भाग घ्यावा असं माझं ठाम मत आहे. मधाच्या रंगाचा दगड, उभी छपरं, आणि तिथल्या सार्ला गावाचा बाजार बुधवारी नि शनिवारी. महिना जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये भाडी चढतात आणि घर बहुतेक शनिवार ते शनिवारच मिळतं.

आई-बाबा बरोबर असतील तर ‘प्लँ-पिए’ लिहिलेलं, म्हणजे तळमजल्यावर सगळं असणारं घर शोधा. जुने जिने उभे आणि अरुंद, दारांच्या चौकटी ठेंगण्या. लहान मुलं असतील आणि घराला पोहण्याचा तलाव असेल तर कुंपण आहे का, हे मालकाला विचारा. कायद्याला नुसता अलार्मही चालतो, आईबापांना चालू नये. चादरी-टॉवेल, शेवटची साफसफाई आणि हीटिंग भाड्यात धरलेलं आहे का, तेही आधीच लेखी घ्या. गावातल्या घरांना बहुधा सेप्टिक टँक असते. टॉयलेटमध्ये ओले वाइप्स टाकले की ती तुंबते.

स्वयंपाकघर बघितल्याशिवाय सामान भरू नका. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा साधा कुकर तापतच नाही, कारण भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटावं लागतं. फ्रिजवरचं मॅग्नेट लावून इथेच तपासा. आच नसल्यामुळे फुलका जाळावर फुगवता येत नाही. तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायचा. कणकेसाठी पिठाच्या पाकिटावर टी-१५० बघा, म्हणजे कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ. टी-५५ म्हणजे आपला मैदा. टी-१५० मधला कोंडा जाडसर असतो आणि पोळी काठाला फाटते, म्हणून तीन वाट्यांना एक वाटी टी-५५ मिसळून कणीक अर्धा तास झाकून ठेवावी. मसूर डाळ मोठ्या सुपरमार्केटात मिळते, तूरडाळ मात्र ठाण्याच्या जांभळी नाक्यावरूनच न्यावी. तूप, पेढे, पनीर न्यायचं नाही: युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नाही. तिथलं बिनमिठाचं लोणी कढवलं की २५० ग्रॅममधून २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं, आणि फार छान निघतं. व्होल्टेज आपल्याइतकंच, पण तीन पिनांचा मिक्सर ॲडॅप्टरशिवाय लागत नाही.

फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस करता येतो. मोठ्यांची फी ९० युरो, सेवाकेंद्राचे पैसे वेगळे, विमा किमान ३०,००० युरोचा. राहण्याचा पुरावा म्हणून मालकाची सही, घराचा पत्ता आणि तारखा असलेला करार जोडा, आणि बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या.

गाडीशिवाय या घरांत राहणं अवघड आहे. आंतरराष्ट्रीय परवाना ‘सारथी’ पोर्टलवरून ठाणे किंवा वाशी आरटीओकडे मागता येतो. तो एक वर्ष चालतो. मूळ लायसन्स बरोबर हवंच. ऑटोमॅटिक गाडी आवर्जून निवडा, नाहीतर उजव्या हाताने गिअर टाकायची वेळ येते. गाडी चालवायची उजवीकडून, आणि गावातल्या ज्या चौकात पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. घराची किल्ली बहुधा शनिवारी दुपारी चारनंतर मिळते आणि रविवारी दुपारनंतर गावातली दुकानं सहसा बंद असतात. त्यामुळे दूध, भाजी, पीठ शनिवारी वाटेतच घेऊन पुढे जा.